नफ्याची हमी होती, पुलाची नव्हती

आपल्या धानोऱ्यात रेल्वे नाही. गाडी धरायची तर वडसा गाठावं लागतं. वडसा-गडचिरोली लाइनचं काम सुरू आहे, ती झाली की आनंद सगळ्यांनाच होईल. पण त्याआधी आपल्या राज्यातल्या पहिल्या रेल्वे कंपनीचा इतिहास एकदा वाचून घ्या मित्रांनो.

कंपनीचं नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी. 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती हिचीच. हे शाळेत शिकवतात. हिशोब मात्र शिकवत नाहीत. भागधारक इंग्लंडचे. त्यांना 5 टक्के परताव्याची सरकारी हमी. जमीन फुकट. कमाई कमी पडली तर तूट भरायची हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. खर्च वाढला तरी मालकाच्या खिशाला झळ नाही. मग काम नीट झालं की नाही हे बघायची घाई कोणाला?

1856 ला बोरघाटाचं काम सुरू झालं. सुमारे 25 किलोमीटरचा चढ, 25 बोगदे. ठेका फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे, त्याच्या खाली पोटठेकेदार, त्यांच्या खाली मजूर. मजुरी थकली. 1859 च्या जानेवारीत मजूर भडकले, दंगल झाली, एक युरोपियन मारला गेला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. नवा ठेकेदार ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याच्या बायकोने, ॲलिसने, इंजिनिअरांच्या मदतीने ठेका पुरा केला. 1861 मध्ये घाटात 42 हजारांवर माणसं राबत होती. पटकीने किती गेली, त्याची धड मोजदाद नाही.

1863 ला घाट सुरू झाला. वाहवा झाली. आणि चारच वर्षांनी, 19 जुलै 1867 ला, याच घाटातला म्हाऊ-की-मल्लीचा दगडी पूल कोसळला. कारण निघालं कच्च्या बांधकामाचं. मग इतर पूल तपासले, तर कित्येक पुन्हा बांधावे लागले. कंपनीचे इंजिनिअर होते, त्यांच्यावर सरकारचे सल्लागार इंजिनिअर होते. सह्या सगळ्यांच्या होत्या. 1869 ला घाट उतरणारी गाडी आवरली नाही आणि जिथे थांबून दिशा बदलायची, ते स्टेशन ओलांडून पुढे गेली. त्यात माणसं गेली.

त्याच सुमारास सरकारला कळलं की हमीचा धंदा महाग पडतो, आणि ते स्वतः रेल्वे बांधायला लागलं. वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून आलेली लाइन अशीच सरकारी. म्हणजे आपल्या चांद्याकडे रेल्वे आली ती या धड्यानंतर.

कोणी म्हणेल, इतकी जुनी गोष्ट आता कशाला? कारण ठेका, पोटठेका आणि थकलेली मजुरी आपल्याकडेही नवी नाही. रस्ता असो, नाल्यावरचा पूल असो की येणारी रेल्वे, उद्घाटनाला किती मंत्री येणार हे आपण विचारतो. काम कोणी तपासलं, मजुरांचे पैसे मिळाले का, आणि पूल पडला तर जबाबदार कोण, हेही विचारा. ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा. उद्या त्या पुलावरून आपलीच लेकरं जाणार आहेत.