मेस्ताची शाळा आणि गावचा बँड

गोमंतकाच्या संगीताचा इतिहास मराठीत लिहिला गेला तो प्रामुख्याने देवळांच्या सभामंडपातून, कीर्तनातून आणि रंगभूमीवरून. मंगेशी आणि कुर्डी ही नावे आपण आदराने उच्चारतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच भूमीत, सासष्टी आणि बार्देशच्या गावांत, इगर्जीच्या आवारात संगीताची जी दुसरी शिकवण पिढ्यानपिढ्या चालली, तिची दखल आमच्या लेखनात क्वचितच आढळते. फेस्ताचा बँड आम्ही ऐकला. तो कोठून आला, हे मात्र विचारले नाही.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी इगर्जींना जोडून शाळा काढल्या, त्या धर्मप्रसारासाठी. हा उगम झाकण्यात अर्थ नाही. देवळे पाडणारी आणि पुढे 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नातील ओव्यांवरही बंदी घालणारी राजवट तीच होती. मात्र शाळेत जे रुजले ते राज्यकर्त्यांच्या हेतूपुरते राहिले नाही. शिकवणाऱ्याला लोक 'मेस्त' म्हणत. त्याचा चरितार्थ इगर्जीच्या निधीवर किंवा गावकरीच्या उत्पन्नावर चाले. म्हणजे गावाच्या शेताभाटांतून गावाच्या संगीताचा खर्च निघत असे.

मेस्ताची पद्धत कडक होती. आधी 'सोल्फ', म्हणजे कागदावरील स्वरलिपी पाहून स्वर म्हणणे. ते जिभेवर बसले की मग हाती व्हायोलिन. आमच्याकडे विद्या गुरुमुखातून कानात उतरते, येथे ती डोळ्यांतून उतरत असे. गळा बेताचा असलेला मुलगाही नेमकेपणाने वाचू लागे, आणि पूर्वी कधी न ऐकलेली चीज समोर ठेवली तरी दहाजण ती एकत्र वाजवू शकत. वाद्यवृंद उभा राहतो तो याच साक्षरतेवर.

वर्षभर शेतावर किंवा कचेरीत राबणारी माणसे फेस्ताला क्लॅरिनेट, ट्रम्पेट घेऊन उभी राहत. पहाटे बँड वाजत गावातून फिरे, त्याला 'आल्वोराद' म्हणतात. उपासकाळात ख्रिस्ताच्या यातनांची 'मोतेत' गीते व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने गायिली जात. घरोघरच्या लदिनीला व्हायोलिन असे, आणि गावातील कोणाची अंत्ययात्रा निघाली की पुढे बँड चाले. जन्मापासून मरणापर्यंत वाद्य लागणारच, तेव्हा ते वाजवणारा गावातच तयार करणे क्रमप्राप्त होते. (मांडोत व्हायोलिनच्या शेजारी आपले मातीचे घुमट बसले, हा या कथेतील सर्वांत गोड भाग. 2019 मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले.)

पोट भरण्यासाठी ही मुले मुंबईला गेली. तेथे गावागावांची 'कूड' असे. स्वस्तात राहण्याची सोय आणि सायंकाळची लदिन. स्वरलिपी वाचता येई म्हणून संस्थानी दरबारांचे बँड, हॉटेलांतील जॅझ आणि पुढे चित्रपटांचे ध्वनिमुद्रण ही दारे त्यांना खुली झाली. चाल संगीतकाराच्या मनात असे. ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवण्याचे काम बहुधा गोमंतकीयाकडे येई. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची रचना रेइश मागुशच्या सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केली. आमच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (1951) मध्ये हळदोण्याचे चिक चॉकलेट आहेत. श्रेयनामावलीत या माणसांना जागा मिळाली नाही, हा अन्याय केवळ विस्मृतीचा म्हणता येणार नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांना हे श्रम दिसत असूनही मोजावेसे वाटले नाहीत.

माजोर्ड्याच्या इगर्जीतील मेस्ताचा मुलगा अँथनी गोन्साल्विस (1927–2012) वडिलांपाशीच शिकला. 1958 मध्ये त्याने मुंबईत भारतीय रागांवर आधारलेला सिंफनी वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्याच्यापाशी व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'तील नायकाला गुरूचे नाव मिळवून दिले. देशभर ते नाव गायिले गेले, पण हा माणूस खरोखर होता, हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

मेस्ताची शाळा पूर्वीसारखी राहिली नाही. पणजीत 1952 मध्ये आंतोनियु द फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली, आणि शिकवण इगर्जीतून शहरातील वर्गात आली. गावोगावच्या मेस्तांनी हाताने उतरवलेल्या स्वरलिपीच्या वह्या मात्र घरांच्या पेटाऱ्यांत राहिल्या. पुस्तकांना लागते तीच वाळवी त्यांनाही लागते.