गडाचे नाव आणि घरातले दप्तर

इतिहास सामान्य जनांस गोड कसा लागावा, हा प्रश्न जुनाच आहे. कथा रंगविल्यावाचून लोक ऐकत नाहीत, असे कित्येक म्हणतात. रंग चढला की सत्य लोपते, असे दुसरे बजावतात. या वादात सिंहगडाचे उदाहरण फार उद्बोधक आहे.

फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि ते धारातीर्थी पडले. ही हकीकत तुळसीदास शाहिराच्या पोवाड्याने खेडोपाडी नेली, हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने वाचकांच्या घरोघरी पोहोचविली आणि २०२० सालच्या चित्रपटाने नव्या पिढीपुढे मांडली. या प्रसंगावरून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण सर्वांनी बाळपणी ऐकले. परंतु शिवछत्रपतींच्या १६६३ सालच्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव आढळते. म्हणजे त्या रात्रीच्या सात वर्षे आधी!

मग पोवाडा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. नामकरणाची कथा गेली म्हणून तानाजीरावांचे शौर्य तिळभरही उणे होत नाही. मुलांना गडावर न्यावे, पोवाडा ऐकवावा आणि मग त्या पत्राचीही गोष्ट सांगावी. एका जुन्या कागदाने सर्वांचा समज कसा पालटला, हे ऐकण्यातही कथेइतकीच गोडी आहे.

असे कागद आले कोठून? इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून ते जमविले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यांना लाभलेले पुष्कळ कागद गृहस्थांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेले होते.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. आमचे जुने घर पाडताना मोडी कागदांचा एक रुमाल मी स्वतः रद्दीत घातला. त्यात काय होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

तरी ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती की, यंदा दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरचा रुमाल सोडून पाहावा. वाळवी झटकावी, कागदांची छायाचित्रे घ्यावीत आणि मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्यावेत. आपल्या नातवंडांना सांगण्याजोगी गोष्ट कदाचित त्यातच निघेल.