ट्रकची कुंडली

तर झालं असं की माझ्या एका मित्राने दोन वर्षं खपून दुसऱ्या महायुद्धातला एक ट्रक पुन्हा उभा केलाय. हायवेवर ब्रेकडाऊन क्रेन म्हणून राबलेला, मग झाडाखाली सडत पडलेला. परवा त्याचा फोन आला.

"अरे, रॅलीला नेतोय. बाजूला बोर्ड लावायचाय. 'कोहिमा, १९४४' असं काहीतरी झकास लिहून दे."

"कोहिमाला गेला होता हे कशावरून?"

"ज्याच्याकडून घेतला तो म्हणाला."

म्हणजे कागद शून्य! म्हटलं बघू या. बग शोधण्यात तर आपली हयात चाललीये :-)

शनिवारी सकाळीच त्याच्या शेडवर पोचलो. पहिला पुरावा म्हणजे ट्रकचा चेहरा. बुलडॉगसारखं चपटं नाक, आणि समोरची काच वरून पुढे, खालून मागे अशी उलटी तिरपी. ऊन परावर्तित होऊन वरच्या विमानाला चमक दिसू नये म्हणून ही युक्ती. ही '१३ नंबरची केबिन', म्हणजे गाडी १९४१ च्या अखेरीनंतरची. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर मॉडेल होतं: सी-६०-एल. सी म्हणजे शेव्हरोले, ६० म्हणजे ६० हंड्रेडवेट (तीन टन) माल, आणि एल म्हणजे लांब चासी. टेप लावून दोन चाकांमधलं अंतर मोजलं. १५८ इंच. बरोब्बर!

म्हणजे ट्रक कॅनडाचा. युद्धकाळात कॅनडाने आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या. त्यातले चार लाखांवर ट्रक या एकाच घराण्यातले, फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून केलेले. भारतासाठीचे कित्येक ट्रक सुटे भाग म्हणून खोक्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून आपल्या मुंबईत, शिवडीलाच होता.

इथवर सोपं होतं. खरी गोष्ट यापुढे सुरू होते, आणि तिथेच घोटाळा झाला.

लष्करी गाडीचा इतिहास तिच्या रंगात असतो. बॉनेटवर नंबर. पुढच्या आणि मागच्या बाजूला डिव्हिजनचं चिन्ह: १७ व्या भारतीय डिव्हिजनचं काळं मांजर, ५ व्या डिव्हिजनचा लाल गोळा. शेजारी रंगीत चौकोनात युनिटचा आकडा. चिन्ह अधिक आकडा बरोबर युनिट. मग त्या युनिटची युद्ध-डायरी लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये शोधायची. एकेक थर हलक्या हाताने घासत गेलात की कमिट हिस्टरी उलटी वाचत गेल्यासारखं होतं.

पण गॅरेजवाल्याने काय केलं? सँडब्लास्टिंग! सगळं पार पांढऱ्या पत्र्यापर्यंत. म्हणजे कोणीतरी रेपॉझिटरीच डिलीट केली, बॅकअप न घेता. इंजिनावरूनही काही कळेना, कारण मूळचं पेट्रोल इंजिन काढून कधीच डिझेल बसवलेलं.

एक दार मात्र डेंटिंगसाठी वेगळं ठेवलं होतं, ते वाचलं. त्यावर क्रेनवाल्याने आपल्या नावाची पत्र्याची पाटी ठोकलेली. ती काढली. खाली पिवळा, त्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर पांढऱ्या रंगात 'एल' आणि दोन आकडे. पुढचं गंजून गेलेलं. एल म्हणजे लॉरी. ब्रिटिश पद्धतीत एक टनावरच्या मालगाड्यांना हेच अक्षर असे. बस्स, एवढंच.

मित्राचा चेहरा पडला. "मग लिही ना कोहिमा. कोण बघतंय?"

खरं सांगतो, मला मोह झाला. चिन्ह रंगवायला दहा मिनिटं पुरली असती, आणि काळं मांजर दिसतंही भारी! पण मग तो रस्ता आठवला. दिमापूर रेल्वेस्टेशनपासून कोहिमामार्गे इंफाळ, सुमारे २१५ किलोमीटर डोंगर, एका बाजूला दरी. मार्च १९४४ च्या अखेरीला जपान्यांनी तो तोडला. २२ जून १९४४ ला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी तो पुन्हा उघडला. मधले जवळजवळ तीन महिने इंफाळच्या फौजेचं सगळं विमानांवर चाललं. म्हणजे एक रस्ता आणि त्यावरचे ट्रक किती मोलाचे होते बघा.

हे ट्रक रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे कितीतरी भारतीय ड्रायव्हर चालवायचे. त्या चपट्या नाकामुळे इंजिन केबिनमध्ये घुसलेलं, पायाशी भट्टी, पेडलला जागा नाही. मी पाच मिनिटं बसलो तर गुडघे बोंबलले. त्या माणसांची नावं किती जणांना माहीत आहेत? त्यांच्याबद्दल आपल्याकडे आधीच इतकं कमी आहे, त्यात आपण आणखी खोटं मिसळायचं? उद्या दुसरा कोणी आमचा बोर्ड वाचून तेच पुढे लिहील, आणि दहा वर्षांत ते 'सत्य' होईल.

शेवटी बोर्डवर चार ओळी लिहिल्या: शेव्हरोले सी-६०-एल. बांधणी कॅनडाची, १९४१ अखेरनंतरची. लष्करी लॉरी. युनिट अज्ञात.

आणि ते दार मित्राने रंगवलेलं नाही. पिवळा, हिरवा, पांढरा 'एल', गंज, सगळं तसंच. नव्याकोऱ्या ट्रकला एक जुनाट दार, विचित्र दिसतं. पण रॅलीत लोक थांबले ते तिथेच.

असो. तुमच्या घरी आजोबांची जुनी वस्तू असेल तर पॉलिश करण्याआधी एकदा नीट बघा. आणि फोटो काढून ठेवा!