कूम्ब्ज चाचणीची कुळकथा

तांबड्या रक्तपेशींना प्रतिपिंडे चिकटली आहेत का, हे दाखवणारी कूम्ब्ज चाचणी १९४५ मध्ये केंब्रिजला जन्मली. रॉबिन कूम्ब्ज मूळचे पशुवैद्य. आरएच घटकाविरुद्धची काही प्रतिपिंडे पेशींना चिकटत, पण पेशींचे पुंजके करत नसत. म्हणून ती ओळखूच येत नसत. युद्धकाळातल्या अंधुक उजेडाच्या आगगाडीत कूम्ब्ज यांना तोड सुचली. प्रतिपिंड म्हणजे शेवटी ग्लोब्युलिनच. सशाला मानवी ग्लोब्युलिन टोचले, की त्याच्या रक्तात त्याविरुद्धचे प्रतिपिंड तयार होते. ते शेजारच्या पेशींमध्ये पूल बांधते आणि पुंजके डोळ्यांना दिसतात. आर्थर मूरंट व रॉबर्ट रेस हे त्यांचे सहकारी. युक्ती मात्र कोरी नव्हती. कार्लो मोरेस्की यांनी ती १९०८ मध्येच मांडली होती. ती विस्मरणात गेली, एवढेच.

लॅबमध्ये या चाचणीच्या दोन प्रकारांना 'डीसीटी' (डायरेक्ट, म्हणजे थेट) आणि 'आयसीटी' (इनडायरेक्ट, म्हणजे अप्रत्यक्ष) म्हणतात. पहिलीत रुग्णाच्या पेशी तपासतात, दुसरीत त्याचा सीरम. पेशी सलाइनने नीट धुणे हे यातले खरे कसब: मोकळे ग्लोब्युलिन उरले, तर तेच ग्लोब्युलिनविरोधी अभिकर्मक गिळते आणि उत्तर खोटे 'निगेटिव्ह' येते.

आता या चाचणीच्या महाराष्ट्रातल्या वापराकडे वळू. मुंबईत १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र निघाले. त्याचीच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्था झाली, आणि या संस्थेचे हिमोग्लोबिन विकारांचे केंद्र आज चंद्रपुरात आहे. ते तिथे असण्याचे कारण सिकलसेल हा आनुवंशिक हिमोग्लोबिन विकार. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध केली होती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मूल पांढरेफटक आणि डोळे पिवळे दिसले, की शंका सिकलसेल, मलेरिया किंवा जी-६-पीडी या विकराच्या कमतरतेची येते. या तिन्हींत डीसीटी सहसा निगेटिव्हच असते. इथे चाचणीचे मोल या नकारातही आहे: पेशी प्रतिपिंडांमुळे फुटत नाहीत, हे त्यातून कळते. मात्र सिकलसेल आजाराच्या ('एसएस पॅटर्न') रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागले, की परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. मग रक्त चढवल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन पुन्हा घसरते, लघवी गडद होते. अशा वेळी डीसीटी पॉझिटिव्ह येते आणि पुढची पिशवी आयसीटीने पारखून निवडावी लागते. दात्याच्या पेशी फुटून संपल्यावर नमुना घेतला, तर डीसीटी पुन्हा निगेटिव्ह दिसते.