पुलाखालचे पाणी : थेम्सवरील लहान होड्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास
लंडनमधून वाहणारी थेम्स ही समुद्राच्या भरती-ओहोटीशी बांधलेली नदी असून उधाणाच्या दिवसांत शहराच्या मध्यभागी तिची पातळी सुमारे ७ मीटर चढते व उतरते. अशा पाण्यात हलकी होडी वल्हवणे कधीच निर्धोक नव्हते. तथापि या नदीचे पुष्कळसे धोके निसर्गाने नव्हे, तर काठावरच्या शहराने निर्माण केले, आणि त्यांवरचे उपाय बहुधा माणसे बुडाल्यानंतरच योजले गेले, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

यांतील सर्वांत जुना धोका म्हणजे १२०९ मध्ये पुरा झालेला दगडी लंडन ब्रिज. त्याचे खांब सुरक्षित राहावेत म्हणून पाण्यात लाकडी मेढी ठोकून व त्यांत दगड भरून रुंद चौथरे रचले होते. त्यामुळे पाण्याला वाट इतकी थोडी उरली की ओहोटीच्या वेळी पुलाच्या वरच्या व खालच्या अंगांच्या पातळीत दीड-दोन मीटरचा फरक पडे आणि प्रत्येक कमान म्हणजे एक लहानसा धबधबाच होई. होडीसकट त्यातून खाली झेपावण्याचे धाडस काही नावाडी करीत, पण शहाणे उतारू पुलाअलीकडच्या पायऱ्यांवर उतरून बिलिंग्जगेटच्या धक्क्यापर्यंत चालत जात व तेथे पुन्हा होडीत बसत. १७६३ मध्ये लेखक सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार बॉझवेल यांनीही हाच मार्ग पत्करला होता. धोक्याची जागा ओळखून तेथे होडी सोडून देणे ही या नदीवरची सर्वांत जुनी आणि कदाचित सर्वांत खात्रीची खबरदारी म्हणता येईल.

अननुभवी नावाड्यांमुळे माणसे बुडतात ही तक्रार १५५५ च्या कायद्यामागे होती. त्या कायद्याने नावाड्यांवर देखरेख करणारे अधिकारी नेमले आणि उमेदवारी, म्हणजे जाणत्या नावाड्याच्या हाताखाली ठरावीक काळ शिकणे, आवश्यक केले. बुडालेल्याला वाचवण्याची व्यवस्था मात्र फार उशिरा आली. विल्यम हॉझ या वैद्याने १७७३ पासून पदरमोड करून, नदीतून काढलेली माणसे वेळेत उपचारासाठी आणणाऱ्यांना बक्षिसे देऊ केली, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी रॉयल ह्यूमेन सोसायटी ही संस्था उभी राहिली.

१८३१ मध्ये पाच कमानींचा नवा पूल खुला झाला व जुना पाडण्यात आला. धबधबे गेले, परंतु इतकी शतके जुन्या पुलाने अडवून धरलेली भरती आता वरच्या भागात अधिक जोमाने शिरू लागली. त्यानंतर १८५८ मध्ये सांडपाण्याने भरलेल्या नदीला सुटलेल्या कुप्रसिद्ध दुर्गंधीमुळे जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने काठांलगत मोठी गटारे व त्यांवर दगडी बंधारे बांधले; त्यांपैकी व्हिक्टोरिया एम्बँकमेंट १८७० मध्ये पूर्ण झाले. आरोग्याच्या दृष्टीने हे काम अजोड होते यात शंका नाही, पण त्याने नदीचे पात्र अरुंद केले आणि उतरत्या काठाच्या जागी उभी भिंत आणली. मोठ्या जहाजाची लाट अशा भिंतीवर आपटून परत फिरते, आणि पाण्यात पडलेल्याला वर चढायला जागा सापडत नाही.

याच काळात कयाकचा प्रवेश झाला. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची ही वरून झाकलेली, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद नाव जॉन मॅकग्रेगर यांनी नमुना म्हणून घेतली, १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या तशा लाकडी होडीतून युरोपच्या नद्यांवर प्रवास केला, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कनू क्लब स्थापन झाला. पोट भरण्यासाठी नव्हे, तर हौसेसाठी पाण्यात उतरणारा हा नवा वर्ग उमेदवारीच्या शिस्तीबाहेरचा होता.

आगबोटींनी धोक्यांत आणखी भर घातली. ३ सप्टेंबर १८७८ रोजी वुलिचजवळ ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही उतारूंची बोट कोळशाच्या जहाजावर आदळून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा नदीपोलिसांकडे केवळ वल्ह्याच्या होड्या होत्या. २० ऑगस्ट १९८९ रोजी ‘मार्शनेस’ ही सहलीची बोट बुडून ५१ जण मरण पावले. त्यानंतरच्या चौकशीअंती २००२ मध्ये नदीवर जीवरक्षक नौकांची चार ठाणी सुरू झाली.

आज कयाक चालवणाऱ्याला सर्वाधिक भय नांगरलेल्या तराफ्यांचे असते. प्रवाह तराफ्याच्या पुढच्या तिरप्या तळाखाली शिरतो व होडीला सोबत ओढतो. म्हणून त्यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, भरपूर अंतर राखतात. पाण्याची वेळ पाहून निघणे, उजवी बाजू धरणे, अंगात तरंगजाकीट घालणे आणि बंदर प्राधिकरणाचे बोलणे रेडिओवर ऐकत राहणे हे ओघानेच येते. पुलांवरच्या खुणाही वाचता याव्या लागतात : मोठे जहाज येत असल्यास कमानीवर पांढरा दिवा उघडझाप करतो, आणि दुरुस्तीमुळे कमानीखालची उंची कमी झाली असल्यास, जुन्या नियमानुसार, दिवसा तेथे गवताची एक मोठी पेंढी टांगलेली असते.