दुय्यम ठरलेल्या बेस गिटारी

१/
१९६५ साली लंडनमध्ये ‘द हू’ या बँडच्या ‘माय जनरेशन’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. गाण्याच्या मध्यावर बेस गिटारला स्वतंत्र वादनाची जागा होती. रॉक संगीतात हे वाद्य तोवर मागे राहून साथ करी. असे पुढे येणे त्याच्या वाट्याला क्वचितच येई. वादक जॉन एन्टविसल याला हवा असलेला खणखणीत नाद डॅनइलेक्ट्रो नावाच्या एका स्वस्त अमेरिकी गिटारच्या बारीक तारांत सापडला. पण त्या तारा तुटत आणि तशा सुट्या तारा इंग्लंडात मिळत नसत. तार तुटली की एन्टविसल नवी गिटारच विकत आणी. अशा तीन गिटारी झाल्यावर त्याने हार मानली आणि अखेरचे मुद्रण फेंडर जॅझ बेसवर केले.

२/
रेकॉर्डवर फेंडर उरली. डॅनइलेक्ट्रो किस्स्यात उरली. इलेक्ट्रिक बेसच्या इतिहासात असे वारंवार घडले आहे. एका कंपनीचे वाद्य मापदंड ठरले आणि बाकीची वाद्ये त्या मापाने तोलली जाऊन दुय्यम ठरली. त्या दुय्यम वाद्यांचे आणि ती रंगमंचावर वाजवत राहिलेल्यांचे काय झाले, हा या धाग्याचा विषय.

३/
१९३० च्या दशकात नृत्यबँडमध्ये खालचा सूर सांभाळी तो डबल बेस : माणसाहून उंच, नाजूक आणि प्रवासात डोकेदुखी. सिएटलचे पॉल टटमार्क स्वतः बँड चालवत. बेसवादकाची मोटार त्याच्या वाद्यानेच भरून जाते, म्हणून बिचाऱ्याला प्रत्येक कार्यक्रमाला एकट्यानेच जावे लागते, याचे त्यांना वाईट वाटे, असे त्यांचे चिरंजीव बड पुढे सांगत. टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ ही बेस बनवली. अक्रोडाच्या लाकडाची भरीव बॉडी, दांडीवर बसवलेले पडदे, विजेवर चालणारा पिकअप, आणि वाजवण्याची रीत आडवी. आजच्या बेस गिटारची सारी लक्षणे तिच्यात होती.

४/
ती फारशी खपली नाही. कारखाना छोटा, विक्री आसपासच्या मुलखापुरती, आणि त्या काळच्या अॅम्प्लिफायरना एवढे खालचे सूर पेलवणे कठीण. आज तिचे मोजकेच नमुने ज्ञात आहेत. पहिली इलेक्ट्रिक बेस गिटार कोणती, या प्रश्नाला ‘फेंडर, १९५१’ हे उत्तर अजूनही सर्रास दिले जाते. ते चूक आहे.

५/
अर्थात लिओ फेंडर यांचे श्रेय त्याने कमी होत नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ स्वतः गिटार वाजवीत नसे; पण वाद्य कसे बनवावे, कसे उघडावे, मोडले तर कसे जोडावे, हे त्याला पुरते ठाऊक होते. १९५१ ची प्रिसिजन बेस स्क्रूंनी जोडलेली होती : दांडी बिघडली तर दांडी बदलावी. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ३४ इंच. पुढे हीच लांबी उद्योगाचे प्रमाण बनली.

६/
लायोनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ बँडमध्ये ती लवकरच पोहोचली आणि मंक माँटगोमरी यांच्यासारख्या वादकाने ती गावोगाव फिरवली. काही वर्षांतच अमेरिकेतील संगीतकार आणि रेकॉर्ड कंपन्या कोणत्याही इलेक्ट्रिक बेसला सरसकट ‘फेंडर बेस’ म्हणू लागल्या. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसेच हे. पण ब्रँडचे नाव वस्तूचे नाव झाले की दुसऱ्या ब्रँडच्या वस्तूला स्वतःची ओळख उरत नाही. ती केवळ ‘फेंडर नसलेली’ ठरते.

७/
गिब्सन कंपनीचा पहिला प्रयत्न या दृष्टीने बोलका आहे. १९५३ ची तिची इलेक्ट्रिक बेस व्हायोलिनच्या आकाराची होती, आणि खाली बाहेर ओढता येणारी दांडी बसवलेली, म्हणजे वादकाला वाटलेच तर ती डबल बेससारखी उभी धरता यावी. नव्या वाद्याने नेमके कुणासारखे दिसावे, हे तोवर ठरलेले नव्हते.

८/
आता नेथन डॅनियल. न्यू जर्सीतील या उत्पादकाने १९४७ मध्ये डॅनइलेक्ट्रो सुरू केली ती अॅम्प्लिफायर बनवण्यासाठी. गिटारी १९५४ पासून आल्या. मोठे गिऱ्हाईक म्हणजे टपालाने माल विकणारी सीअर्स कंपनी, जी त्याच गिटारी ‘सिल्व्हरटोन’ नावाने विके. कॅटलॉग चाळून शेतावरच्या किंवा गिरणीतल्या मुलाने मागवावी अशी ही गिटार. किंमत खाली ठेवणे हीच तिच्या रचनेची पहिली अट होती.

९/
त्या अटीतून जे निघाले ते विलक्षण होते. भरीव लाकडाऐवजी लाकडाची साधी चौकट, आणि तिच्या पुढेमागे मॅसोनाइट, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला पातळ तक्ता. कडांना चिकटवलेली व्हिनाइलची पट्टी. पिकअपमध्ये लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे लागते, त्यांना आवरण हवे असते. डॅनियल यांनी त्यासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातून लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या आणल्या. दोन पिकअप एकामागोमाग एक जोडलेले, त्यामुळे दोन्ही चालू केले की आवाज एकदम वाढे. दांडीत पोलादी पट्ट्या बसवल्या. त्या घट्ट-सैल करता येत नसत. घोडीवर तारांखाली शिसवी लाकडाची एकच आडवी पट्टी, म्हणून प्रत्येक तारेचा सूर स्वतंत्रपणे जुळवता येत नसे. दुकानदाराला दाखवायला दोष भरपूर होते.

१०/
पण पोकळ बॉडी हलकी होती. तीस इंचांच्या आसपास असलेली तारेची लांबी लहान हातांना सोपी होती. चौतीस इंची आणि तीस इंची, दोन्ही बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झलाच लागते. पण आखूड तारेवर ताण कमी पडतो, म्हणून तिचा नाद अधिक गोल आणि सैलसर होतो. पोकळ बॉडी व त्या नळीतल्या पिकअपमुळे वर एक टणत्कार मिळे. महाग गिटारीत हा नाद नव्हता.

११/
१९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रोने सहा तारांची बेस काढली : गिटारसारखीच लागणारी, पण एक सप्तक खाली. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत तिला एक अनपेक्षित काम मिळाले. डबल बेसवादक जो सूर धरी, तोच सूर दुसरा वादक सहा तारी बेसवर, तळहाताने तारा दाबून, टकटक वाजवी. एकाने घुमारा द्यायचा, दुसऱ्याने धार. या जोडीला तिथे ‘टिक-टॅक बेस’ म्हणत. छोट्या रेडिओतून खालचे सूर ऐकूच येत नसत. तिथे ही टकटक गाण्याचा पाया श्रोत्यापर्यंत पोहोचवी. स्वस्त वाद्याचा हा उपयोग कुठल्याही कॅटलॉगात छापलेला नव्हता.

१२/
१९६६ मध्ये डॅनियल यांनी कंपनी एमसीए या मोठ्या उद्योगाला विकली. १९६९ मध्ये ती बंद पडली.

१३/
युरोपात स्वस्ताईची कारणे वेगळी होती. अमेरिकी वाद्ये महाग आणि दुर्मीळ. १९६१ मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीने सुमारे ३० पौंडांत जर्मन बनावटीची ह्योफनर ५००/१ घेतली. तीही व्हायोलिनच्या आकाराची. तो डावखुरा. वाद्य दोन्ही बाजूंनी सारखे असल्याने उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे, हे एक कारण, आणि खिसा हे दुसरे. त्याच वर्षी बिल वायमनने ८ पौंडांत एक जुनी डॅलस टक्सेडो बेस घेतली. तिचे पडदे खडखडत, म्हणून त्याने ते सारे उपटले. नवे बसवायचे होते, ते राहूनच गेले. त्या बिनपडद्याच्या बेसचा नाद त्याला आवडला आणि रोलिंग स्टोन्सच्या आरंभीच्या मुद्रणांत तो वाजला. कारखान्यात बनलेली पहिली बिनपडद्याची बेस अॅम्पेग कंपनीने आणली, ती १९६६ मध्ये.

१४/
मग ‘जुने ते सोने’ ही कल्पना बाजारात शिरली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरांना विकत घेतली. दर्जा घसरला अशी वादकांची तक्रार सुरू झाली, आणि ‘सीबीएसपूर्व’ हे विशेषण किंमत वाढवणारे ठरले. सत्तरच्या दशकातील वजनदार फेंडर गिटारी कित्येक वर्षे हिणवल्या गेल्या. नंतर सीबीएसपूर्व गिटारी सामान्य वादकाच्या हाताबाहेर गेल्या, तसे त्याच हिणवलेल्या गिटारींचे गुण लोकांना दिसू लागले. लाकूड तेच होते, स्क्रू तेच होते. बदलली होती ती खरेदी करणाऱ्याची ऐपत.

१५/
जपानी बेसच्या वाट्याला तर खोटा इतिहासही आला. सत्तरच्या दशकात आयबानेझ, टोकाई आदी नावांनी अमेरिकी गिटारींच्या प्रतिकृती येत. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकेतील व्यवसायावर दावा लावला. वाद दांडीच्या शेंड्याच्या आकाराचा होता आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. आज मात्र त्या काळातली वाटेल ती जपानी गिटार ‘खटल्याच्या काळातली’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. त्यांतल्या बहुतेकींच्या उत्पादकांवर कधी खटला झालाच नव्हता.

१६/
गंमत अशी की जपान्यांचे खरे मोठेपण नकलेत नव्हते. यामाहाची बीबी१२०० किंवा आरिया प्रो २ ची एसबी-१००० ही स्वतंत्र रचना होती. या एसबी-१००० वर ड्युरान ड्युरानच्या जॉन टेलरने वाजवले. त्याच मालिकेतली बेस मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनच्या हाती होती. एकाच कुळातील वाद्य नाचाच्या संगीतातही चालले आणि कानठळ्या बसवणाऱ्या संगीतातही. शेवटी १९८२ मध्ये फेंडरनेच जपानमध्ये आपली शाखा काढली आणि मात्सुमोतो शहरातील फुजिगेन कारखान्यात स्वतःच्याच जुन्या गिटारी नव्याने बनवून घेतल्या. नकलाकाराला मूळ मालकाने कामावर ठेवण्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल.

१७/
अशी जुनी बेस बाळगून कार्यक्रम करणे म्हणजे नेमके काय? एकेरी वेटोळ्याचा पिकअप दिव्यांच्या वायरिंगजवळ गुणगुणतो. पोकळ ह्योफनर मोठ्या अॅम्प्लिफायरसमोर उभी केली की हुंकारू लागते. वादकाला उभे राहण्याची जागा शोधावी लागते. गिब्सन थंडरबर्डची दांडी हात सोडला की जमिनीकडे झुकते, आणि पडली तर शेंड्याशी तुटते. मॅसोनाइटला ओल लागली की ती फुगते. परदेश दौऱ्यात लाकूडही आडवे येते : जुन्या गिटारींच्या दांडीवरचे ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी असलेल्या यादीत आहे, त्यामुळे सीमा ओलांडताना कागदपत्रे लागतात. फेंडरने साठच्या दशकाच्या मध्यास ते सोडून भारतीय रोझवूड, म्हणजे आपले शिसव, वापरायला घेतले.

१८/
यावर उपाय असतात : पिकअप बदलावा, घोडी बदलावी, खुंट्या बदलाव्यात. पण संग्राहकाच्या लेखी बदललेला प्रत्येक स्क्रू किंमत उतरवतो. महाग वाद्याचा मालक म्हणून बदल करीत नाही, आणि बदल न केलेले वाद्य कार्यक्रमाला नेत नाही. दुय्यम ठरलेल्या गिटारींना हा जाच नव्हता. मार्कस मिलरने १९७७ ची जॅझ बेस नवी घेतली तेव्हा ते साल बदनामच होते. त्याने तिची घोडी बदलली, न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोस्की यांच्याकडून आत प्रीअॅम्प बसवून घेतला, आणि त्या फेरफार केलेल्या बेसचा नाद असंख्य रेकॉर्डांवर गेला. ती ‘मूळ अवस्थेत’ कपाटात राहिली असती तर संग्राहकाला एक नग मिळाला असता, एवढेच.

१९/
मॅकार्टनीची १९६१ ची ह्योफनर ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या गाडीतून चोरीस गेली. पन्नासहून अधिक वर्षे तिचा पत्ता नव्हता. अखेर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका घराच्या माळ्यावर ती निघाली, आणि ती मालकाकडे परतल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. तिला दुरुस्ती लागणार होती. ती केली गेली. एखाद्या संग्रहालयाने काचेमागे ठेवावी अशीच ती वस्तू होती. १९ डिसेंबर २०२४ रोजी लंडनच्या ओटू सभागृहात, ८२ वर्षांच्या मॅकार्टनीने ती गळ्यात अडकवली आणि वाजवली.