रजिस्टरातला एक रकाना

गदगहून विजापूरमार्गे येणारा रेल्वेमार्ग होटगी जंक्शनला सोलापूरच्या मार्गाला मिळतो. होटगी ते सोलापूर अंतर जेमतेम 15 किलोमीटर. पण इंग्रजी अमलात सोलापुरातल्या काही माणसांना एवढा प्रवासही परवानगीच्या पासाशिवाय करता येत नसे. ही माणसे तारेच्या कुंपणातल्या ‘सेटलमेंट’मध्ये राहत. गदग आणि विजापूर येथेही अशा वसाहती होत्या.

त्यांचा गुन्हा कोणता? 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा लोकांची नावे रजिस्टरात चढली, रोजची हजेरी सुरू झाली. 1911 च्या सुधारित कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही सरकारला दिला.

नुसते ठसे साठवून भागत नाही. हजारो ठशांतून हवा तो सापडला पाहिजे. 1897 मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या कचेरीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी यावर काम केले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. तिचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहायचे. दहा बोटांचे प्रकार होतात 2 चा दहावा घात, म्हणजे 1024. ठशांचा कागद नेमक्या कप्प्यात गेला की शोध सोपा. आजच्या डेटाबेसचे तत्त्व हेच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेऊ. कोण कोणत्या जमातीचा, हे गावाला माहीत होतेच. त्यात गुपित काही नव्हते. घात झाला तो ही माहिती एकत्र करून, वर्गवारी लावून माणसाविरुद्ध वापरल्यामुळे. आणि आपल्या नावापुढचा शेरा खोडण्याची सोय त्या माणसाला जवळजवळ नव्हती.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. रकाना मात्र चिवट निघाला. तुरुंगांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी द्यावा लागला!

मग रकाना वाईटच का? तसे नाही. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीची नोंद असते. ज्या नोंदीने आजोबांना कुंपणात डांबले, तीच नोंद आज नातीला शिष्यवृत्ती मिळवून देते. फरक आहे तो हेतूचा. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामापुरती ती वापरावी, हे तत्त्व 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. शासनाला मात्र त्यातून बऱ्याच सवलती आहेत.

समाजमाध्यमांवर तर रकाने आपणच भरतो: जन्मतारीख, मित्र, फोटो, ठिकाण. एकेक बाब क्षुल्लक वाटते. कप्प्यात लागली की तिचे मोल बदलते. म्हणून विद्यार्थ्यांपुढे कोणताही फॉर्म ठेवून आम्ही चार प्रश्न सुचवतो. ही माहिती कशासाठी हवी? कोण पाहणार? किती दिवस ठेवणार? चुकली तर दुरुस्त कोण करणार? सुरुवात शाळेच्याच प्रवेश अर्जापासून करायला काय हरकत आहे?